थळला जेवायला

श्रीवर्धनहून सकाळी सव्वासहाला निघालो. सोबत मुलगी मुग्धा. तिला थळच्या नीलेशशी लग्न करायचं आहे. तो कोळ्यांचा, आम्ही सुपारीच्या वाडीवाले शाकाहारी. त्याच्या आईनं जेवायला बोलावलं होतं.

मुग्धानं आधी मला एक चित्रपट दाखवला होता. त्यात मुलीचा बाप पाहुण्यांच्या घरचा पहिला घास खातो, डोळ्यांत पाणी येतं आणि लग्न ठरतं. दोन तास अठरा मिनिटं. म्हणून बायकोच्या नकळत मी खाणावळीत चार वेळा मासे खाऊन सराव केला होता.

दिघीला जंगल जेट्टी (गाड्यांसह माणसं नेणारी बोट) चुकली; पाऊण तास गेला. थळला पोहोचलो तर साऱ्या आळीत बोंबील वाळत होते, नीलेशच्या दारात मात्र एकही नाही. ताटात सात पदार्थ, मासा नाही. मी गोंधळलो. आपलं अन्न आम्हाला द्यायचं नाही, म्हणजे हा नकार तर नव्हे?

हिराबाई, नीलेशची आई, म्हणाल्या, "तीन दिस घरात मासा आनला न्हाय. भांडी पन नवी हाईत. तुमी पानावरून उठलाव तर पोराचं काय?"

"अहो, मी चार वेळा खाऊन आलोय. सराव म्हणून."

"अगो बाय! नीलेश, ऐकलास? सराव करून आलाय मानूस!"

त्या उठून शेजारी गेल्या. पलीकडून आवाज आला, "काय गो, कोलिनीच्या घरी मच्छी न्हाय? दर्या आटला का?"

उसना बांगडा आला. पहिल्याच घासाला काटा घशात रुतला. डोळ्यांतून धारा. मुग्धा हरखून पाहत होती. हिराबाईंनी भाताचा गोळा पुढे केला, "चावू नका, गिला." त्या चित्रपटातल्या बापाबद्दल मला आता शंकाच आहे.

निघताना त्यांनी नव्या डब्यात उरलेली बटाट्याची भाजी बांधून दिली. 'लग्न' हा शब्द दिवसभरात कुणीच काढला नाही. परतीच्या बोटीवर मी सगळं पुन्हा आठवून पाहिलं. होकार कुठे सापडेना.

घरी बायकोनं विचारलं, "ठरलं का?"

"माहीत नाही. शेजारणीकडून उसना बांगडा आणून वाढला आणि हा डबा दिलाय."

तिनं डबा हातात फिरवला. "हा काही रिकामा परत द्यायचा नाही. आता मलाच थळला जायला हवं. वड्यांना नारळ किती लागतील?"

"सहा."

"आठ काढा," ती म्हणाली. "त्या शेजारणीलाही द्यायला हव्यात."