गोदामातली रिकामी फाइल

पार्सलच्या गोदामात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण मालक तिचा धाकटा दीर. लेबलं छापायचा प्रोग्राम तिचाच. प्रत्येक गाडीसाठी तो नव्याने सुरू व्हायचा. दोन प्रोग्रामनी एकाच वेळी छापून गोंधळ घालू नये म्हणून तो आधी डिस्कवर एक रिकामी फाइल ठेवायचा: मी कामावर आहे, थांबा. काम संपलं की ती पुसायचा; ती जागेवर असेपर्यंत नव्याने सुरूच व्हायचा नाही. मध्येच बंद पडला तर मागे उरलेली फाइल झाडून काढायला वहिनीने काही ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या.

दिराने कुठेतरी वाचलं की बंद पडलेल्या प्रोग्रामची मेमरी, उघड्या फाइली, सगळं ऑपरेटिंग सिस्टीम आपणहून आवरते. झालं! अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या त्या शहाण्याने त्या ओळी उडवल्या, पाठोपाठ वहिनीलाही. "तुम्ही आता आराम करा." दुपारच्या आत तिचा पासवर्ड बंद. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टीम उघडी फाइल बंद करते, पण डिस्कवरून पुसत नाही, हे त्याला सांगता आलं असतं. तिने मुद्दामच सांगितलं नाही. पडू दे तोंडावर.

तो पडलाच. एकदा प्रोग्राम अडकला, दिराने तो जबरदस्तीने बंद केला, तर पुन्हा सुरूच होईना. मग मशीन बंद कर, चालू कर, परत बंद कर. फाइल आपली ढिम्म जागेवर. फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागली. शेवटी नवऱ्याने तिला गळ घातली, "अगं, माझ्यासाठी तरी जा. भाऊ आहे तो माझा."

ती गेली. "उठा भाऊजी," म्हणत खुर्चीत बसली, फाइल पुसली आणि प्रिंटर खडखडू लागला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. आता हा सगळ्यांसमोर चुकलो म्हणेल, एवढीच तिची अपेक्षा होती. म्हणाला असता तर उडवलेल्या ओळीही तिने परत घातल्या असत्या.

दीर ड्रायव्हरांकडे वळून हसला. "वहिनींनीच करून ठेवलेली जुनी घाण होती. आज निस्तरली त्यांनी."

 वहिनीने पहिल्या गाडीची लेबलं छापून होऊ दिली. मग त्याच नावाची एक रिकामी फाइल पुन्हा डिस्कवर ठेवली, पर्स उचलली आणि दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, तुमची लेबलं साहेबांकडे मागा."