बिनबैलाची मोट

महाराष्ट्र राज्य नुकतंच वयात येत होतं तेव्हा मी बुलढाण्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होते. सुट्टीत वडनेर भोलजीला आले आणि थेट विहिरीवर गेले. बाबा मोट हाकत होते.

"बाबा, सर म्हणते, साऱ्या विश्वाच्या ऊर्जेची बेरीज शून्य असंन. म्हंजे हे सारं शून्यातूनच निघालं असंन."

"काहीच नोतं तं आलं कुठून? मले येडं समजतं काय वं?"

माझं डोकंच फिरलं. मी बैलांकडे बोट केलं. "बैल उतारानं खाली जाते, तवाच मोट वर येते ना? तसंच हाय. वस्तूंची ऊर्जा अधिक, त्यायच्या एकमेकांच्या ओढीची उणे. बेरीज शून्य, पण मळा भिजला!"

"अन् बैल हाकलते कोन?"

"तिथं कोनीच लागत नाई. अणूहून बारीक जगात आपोआपच सुरू होते."

बाबा थांबले. बैल उतारावर, मोट अधांतरी. मग बांधापलीकडच्या शेजाऱ्याला त्यांनी अशी हाळी दिली की बैल दचकले.

"अबे, आयकलं काय? माह्या पोरीनं बिनबैलाची मोट चालवली!"