लांबलेली प्रार्थना

माझे वडील उंब्रजला मिशनरी होते. शेजारी उसाची शेती असलेले एक काका राहायचे. ते ख्रिस्ती नव्हते, पण वडिलांचा जिवाभावाचा मित्र तेवढा एकच. नाताळ झाला की आम्ही दोन्ही घरं जीप करून घाट उतरायचो आणि एक दिवस समुद्रावर काढायचो.

मी बारा वर्षांची होते. आईनं वाळूत सतरंजी टाकून मटण-भाकरीचे डबे उघडले. काका म्हणाले, "आवं, तुमी करा सुरू. एक बुडी मारून आलोच." जन्मभर विहिरीत पोहलेला माणूस, त्याला पाण्याचं कसलं भय.

वडिलांनी प्रार्थना सुरू केली. आधी गावातले आजारी, मग चर्चच्या मंडळीतल्या विधवा, मग देशाचे पुढारी. जेवण निवत पडायचं. मला त्याचा लय राग यायचा. पण प्रार्थनेत डोळे उघडले की पाठीत धपाटा ठरलेला. काकूंनीसुद्धा आमच्याबरोबर डोळे मिटले होते.

मी उघडले. काका खूप आत गेले होते. त्यांनी दोनदा हात वर केला. ते गंमत करत नव्हते, हे मला कळलं. मी ओरडले असते तर माझी चोरी उघडी पडली असती. मी डोळे परत मिटून घेतले. वडील अजून विधवांपाशीच होते.

काका संध्याकाळी सापडले.

वडील आता थकलेत. अजूनही म्हणतात, "कुणाचा दोष नाही, पोरी. सगळ्यांचेच डोळे मिटलेले होते." मी हो म्हणते.