कल्लाप्पांनी न पाहिलेली विहीर

कानडी मुलखात, बसवनगुडीत आमचं वठार होतं, म्हणजे एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक विहीर. नळ होता, पण त्याला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं. त्यामुळे बायकांचं निम्मं आयुष्य विहिरीच्या काठावर जायचं, आणि तिथे जे कळलं नाही ते जगात घडलंच नाही, असं माझं अजूनही मत आहे.

छप्पन साली निपाणीकडचे कल्लाप्पा आणि त्यांची शालन समोरच्या खोल्यांत राहायला आले. कल्लाप्पा सरकारी भूगर्भ खात्यात. चांद्याकडे जमिनीखाली कोळशाची एक खाण होती. खाणीत झिरपणारं पाणी पंपानं उपसून बाहेर टाकायचे, आणि त्यापायी आसपासच्या गावांतल्या विहिरी किती उतरल्या हे मोजायला कल्लाप्पा दर उन्हाळ्यात नि पुन्हा पावसाळा सरल्यावर तिकडे जायचे.

आणि हा माणूस आमच्या विहिरीकडे फिरकायचा नाही! काठाजवळून जायची वेळ आलीच तर सोवळ्यात असल्यासारखा अंग चोरून, मान वळवून. पाणी ओढायची ती शालन. मी सोडतेय होय? भत्ता मिळाल्याशिवाय विहिरीत बघत नाही वाटतं, असं येता-जाता विचारायची. ते नुसते हसायचे.

शेवटी शालनकडून काढून घेतलंच. तिकडच्या गावांत म्हणे बोललं जायचं, की हा मोजपट्टीवाला वाकला की विहिरीचं पाणी उतरतं. आता मे महिन्यात कोणीही वाकलं तरी पाणी खालीच दिसणार, पण सांगणार कोण? सोयराबाई नावाची एक म्हातारी त्यांना दर खेपेला ताक द्यायची. एका वर्षी तिनं विनवलं, लेकरा, सगळ्यांच्या बघ, माझी तेवढी राहू दे. कल्लाप्पांनी तिला पंपाचं सगळं समजावून सांगितलं आणि मोजलीच. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला होता. म्हातारीनं लांबून डोक्यावर आणलेल्या पाण्यातला तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, म्हैस विकली रे, ताक नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून नोकरीच्या विहिरी नोकरीपुरत्या. घरच्या विहिरीत डोकवायचं नाही.

बासष्ट साली, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, शालनला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळंतिणीची विहिरीवर पूजा. जवळचं माणूस दोघांनाही उरलं नव्हतं, तेव्हा शालननं सांगून टाकलं, पोरीला घेऊन बापानंच शेजारी उभं राहायचं, नाहीतर पूजाच नको.

त्या सकाळी ती हळदकुंकू घेऊन काठाशी, आणि कल्लाप्पा पोरीला छातीशी धरून दारात, पाय उंबऱ्याला चिकटलेले. मी गेले.

"मालनक्का, उन्हाळा आहे," ते हळूच म्हणाले. "पाणी उतरतंय असं ऐकतो. उद्या विहीर आटली तर सगळे पोरीचा पायगुण म्हणतील."

"सगळे म्हणजे मीच ना? मी नाही म्हणणार. आणि इतकी वर्षं तुम्ही बघितलं नाहीत, तरी उतरलीच की नाही? मग कुणाची नजर लागली? रोज तर मी वाकते तिच्यात."

त्यांनी पोरीचं दुपटं नीट केलं. मग "सरी, बरं" म्हणाले आणि आले.

वाकून पाहिलं. पोरीला शालनकडे दिलं, आत जाऊन पट्टी घेऊन आले. पट्टीच्या टोकाला पितळी वजन, खालून पोकळ, पाण्याला टेकलं की वाजतं. हळूहळू सोडली. खालून 'टुबुक्' आलं आणि पोरीनं डोळे मोठे केले.

"आहे, बाळा," कल्लाप्पा तिला म्हणाले. "पुष्कळ आहे."

शालननं पदर डोळ्यांना लावला. मी उगाच काठावरचा दोर गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना घागर घेऊन गेले, तर साहेब पट्टी घेऊन काठावर हजर, पोर छातीशी. पाणी रात्रभरात स्थिरावलेलं असतं, मोजून होईपर्यंत कोणी बादली सोडायची नाही म्हणे. "स्वल्प थांबा, अक्का." तेव्हापासून वठारातल्या बायका रोज घागरी घेऊन ताटकळायच्या आणि माझ्या नावानं बोटं मोडायच्या. त्यांचंही बरोबर होतं. पण 'टुबुक्' ऐकल्याशिवाय कार्टी दूध प्यायची नाही, त्याला मी काय करणार?