हातावर सोडलेला नवस

देवीवर मी रागावले होते, हे आधीच सांगते. भक्तीचं लिहायला बसायचं आणि रागापासून सुरुवात करायची, हे बरं दिसत नाही, पण खोटं लिहून कोणाचं भलं झालंय? गेली दोन-तीन वर्षं माझे दोन्ही तळपाय जळत होते. मिरच्या कांडल्यावर हाताची होते ना, तशी आग. हाताची आग तेल चोळलं की उतरते, ही उतरतच नव्हती. मधूनच मुंग्या यायच्या, मधूनच अंगठ्यातून अशी कळ निघायची की तोंडातून शब्द फुटू नये. पांघरुणाची कडा पायाला लागली तरी सहन होईना. आणि वरून पाहावं तर काही नाही! ना सूज, ना जखम. लोकांना वाटायचं बाई नाटक करते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय म्हणणार?

मी अमरावतीला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. लग्न होऊन आले तेव्हापासून शिवते. मशीन पायाचं, आणि माझं शिवणं असं की एकदा पाय पायडलवर पडला की हात आपोआप चालतात. मुलगी शिकून, लग्न होऊन पुण्याला गेली, आमचे हे लाइनमनच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी माझं मशीन थांबलं नाही. पाय गेले तर मी कोण, हा विचार सारखा मनात यायचा. कोणाजवळ बोलले नाही, पण भीती ही एवढीच होती.

साखरेचा आजार मला आहेच. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनची बारीक तार तळपायाला ठिकठिकाणी टेकवत विचारलं, काकू, टेकलं की सांगा. मी वाट पाहत बसले. त्या म्हणाल्या, कितीतरी वेळा टेकवून झाली, तुम्ही बोललाच नाहीत. म्हणजे ज्या पायांची आग मला झोपू देत नव्हती, त्याच पायांना बाहेरचं काही कळत नव्हतं. गोड खाल्लं जिभेनं आणि शिक्षा पायांना, हा कुठला न्याय? त्यांनी शांतपणे समजावलं की नसा खराब झाल्या आहेत, झालेलं नुकसान सगळं भरून येईलच असं नाही, पण साखर ताब्यात ठेवली तर पुढचं आवरता येईल. आगीसाठी गोळी दिली, ती हळूहळू वाढवायची. रोज आरसा धरून तळपाय पाहायचे. आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. मी हो हो केलं. गोळीनं अशी गुंगी आली की एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. मग मी कोणाला न विचारता गोळी बंद करून टाकली.

अकोल्याला माझी मोठी बहीण असते, आक्का. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यासाठी एक माणूस ठरलेला असतो. पायासाठीही निघालाच. तेल चोळणारे गृहस्थ होते, हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. चोळताना इतकं बरं वाटायचं की मी तिथेच डुलकी घ्यायची, पण अमरावती येईपर्यंत आग पुन्हा हजर. पुढे त्यांनी तापवलेल्या विटेनं शेकायचं काढलं. आमच्या ह्यांनी आधी विटेला स्वतःचा हात लावून पाहिला, झटक्यात मागे घेतला, आणि मला तिथून उठवून घरी आणलं. आक्का त्यांच्यावर महिनाभर फुगून होती.

त्यातच एका गिऱ्हाइकानं ऑपरेशनचं सांगितलं. घोट्यापाशी दाबलेली नस मोकळी करतात म्हणे. ते करणाऱ्या सर्जनलाही भेटलो. ते म्हणाले, आधी नसांची तपासणी करू, नस खरोखर दाबली गेली असेल तर उपयोग, काहींना फरक पडतो, तुम्हाला किती पडेल ते आत्ता सांगता येत नाही. माणूस सरळ बोलत होता, पण मला सरळ बोलणं नको होतं. मला हमी हवी होती. आमचे हे म्हणत, तपासणी तर करू. आक्का म्हणे चाकू लावू नको. फोनवर रोज कोणी मेथीचा उपाय पाठवी, कोणी कोरफडीचा. जितकी तोंडं तितक्या वाटा, आणि चालायचं मात्र मला, तेही जळत्या पायांनी.

माणसं हमी देईनात, तेव्हा मी देवीकडे वळले. नवरात्रात आमच्या अमरावतीत पहाटेपासून बायका अंबामायच्या दर्शनाला पायी निघतात. कितीतरी जणी नऊही दिवस पायात काही घालत नाहीत. मी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यापुढे उभी राहून बोलले की नऊ दिवस घरून अनवाणी येते, गोळी घेत नाही, चाकू लावत नाही, आता माझे पाय तू पाहा. नवस कसला, धमकीच ती! तळपायाचं दुखणं आणि उपाय अनवाणी चालण्याचा. ही अक्कल आमच्याकडच्या बाईलाच सुचावी. ह्यांनी एवढंच विचारलं, डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते आठवते ना? मी म्हटलं, देवाच्या कामात तुम्ही मधे पडू नका. आमच्या ह्यांचं भांडण गप्प बसूनच असतं.

पहिली माळ झाली, दुसरी झाली. गंमत अशी की चालताना मला बरं वाटत होतं. गार रस्ता, सोबतीला बायका, कोणी गाणं म्हणतेय, कोणी सुनेची गाऱ्हाणी सांगतेय. मला वाटलं, देवीनं ऐकलं बरं का. पाय बधिर आहेत म्हणून खडा टोचत नाही, हे काही मनात आलं नाही. मी त्यालाही कृपाच समजले.

तिसऱ्या माळेला रांगेत पुष्कळ पुढे आले होते. गाभारा जवळ आला होता, घंटा ऐकू येत होती. माझ्या मागे एक बाई होती, साठीच्या पुढची, सारखी खोकत होती. मला जरा वैतागच आला होता तिच्या खोकल्याचा. मी पायरी चढायला पाय उचलला, तशी एकाएकी तिनं मागून माझा दंड धरला.

"थांब वं बाई. तुह्या पायात निळं काय चमकून राह्यलं?"

मी म्हटलं काही नाही, पुढे चला. ती हलेना. तिनं मला रांगेतून बाजूला ओढलं, पायरीवर बसवलं आणि माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मोठ्या बाईनं असा पाय मांडीवर घ्यावा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढू लागले तर तिनं घोटा घट्ट धरला. मग चष्मा नाकावर सरकवून तिनं तळव्यातून एक टाचणी उपसली. निळ्या मण्याची, लांब. ब्लाउजचं माप धरायला मी वापरते तीच. माझ्याच घरातली, माझ्याच हातून पडलेली, कदाचित आदल्या दिवसापासून मण्यापर्यंत आत गेलेली. त्या टाचणीवर मी घर ते देऊळ चालून आले होते आणि मला काही, काहीसुद्धा कळलं नव्हतं. टाचणीमागून थोडं रक्त आलं, थोडा पू आला. त्या वेळी मला जी भीती वाटली ती अजून आठवली तरी अंगावर काटा येतो.

बाईनं आपल्या बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतला, रुमाल बांधला. बांधता बांधता सांगितलं की तिच्या नवऱ्याचं असंच झालं. साखरच होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी तो माणूसच गेला. रडली नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मी म्हटलं, दर्शन घेते, नऊ दिवसांचा नवस आहे, तो पुरा झाला की जाते. माझा नवस आहे, मलाच फेडला पाहिजे.

तिनं रुमालाची शेवटची गाठ मारली आणि मान वर केली.

"फेडाचा हाय का मिरवाचा हाय?"

असं कोणी मला कधी बोललं नव्हतं. मला राग यायला हवा होता, तो आलाच नाही, डोळेच भरून आले. मी तिला सगळं सांगून टाकलं, मशीनचं, गोळीचं, कोणी हमी देत नाही त्याचं. ती ऐकत होती, मधे मधे खोकत होती. मग तिनं आपला तळहात माझ्यापुढे धरला, बाटली माझ्या हातात दिली.

"माह्या हातावर पानी सोड. म्हन, माहा नवस तुले देल्ला. बाकीचे दिवस मी चालतो."

घरात कोणी आजारी पडलं की त्याचं व्रत घरातलंच दुसरं कोणी पुरं करतं, ही रीत मला ठाऊक होती. सासूबाईंचे उपास मी धरले आहेत. पण परक्या बाईनं? जिचं नावही मला माहीत नाही तिनं? मी म्हटलं, माझं ओझं तुम्ही का घ्यावं? ती म्हणाली, मी देवीला काही मागायला येत नाही, नुसती येते, माझे पाय रिकामेच आहेत. मी पाणी सोडलं आणि तिनं सांगितलं तसं बोलले. तिनं ते पाणी डोळ्यांना लावलं, चप्पल ठेवतात तिथून आपल्या चपला आणल्या आणि पायात न घालता पिशवीत टाकल्या. मी देवीचं तोंड न पाहताच परतले, कळसाला तेवढे हात जोडले. ह्यांना फोन केला. ते स्कूटर घेऊन आले, आणि मला सरळ दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून साफ केली, इंजेक्शन दिलं, औषधं दिली. म्हणाल्या, काकू, आज आलात म्हणून बरं, आणखी काही दिवस हे आतच राहिलं असतं तर हाडापर्यंत गेलं असतं, मग पाय वाचवणं आपल्या हातात नसतं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस मी पाय उशीवर ठेवून पडून काढले. पहाटे रस्त्यावरून बायकांचे आवाज यायचे आणि मला कळायचं की यातच कुठेतरी एक बाई माझ्यासाठी चालतेय. तोवर मी देवीला फक्त माझे पाय, माझे पाय म्हणत आले होते. आता तोंडात दुसरंच यायला लागलं. माय, तिच्या पायात काही रुतू देऊ नको. तिला ठेच लागू देऊ नको. हे म्हणता म्हणता किती दिवसांनी मला स्वस्थ झोप लागली. आग होतीच, पण तिची भीती राहिली नव्हती.

आता विचाराल पाय बरे झाले का. नाही. जखम भरली, आग आहे, पण निम्म्यावर आली आहे. गोळी पुन्हा सुरू केली, कमी प्रमाणात, झोपण्याआधी. गुंगीचं या वेळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी गोळीचं प्रमाण बसवून दिलं. नसांची तपासणी झाली. ऑपरेशनचा तुम्हाला आत्ता फायदा नाही, असं सर्जनच म्हणाले. आक्काच्या समाधानासाठी तेल मी अजून चोळून घेते, वीट मात्र नाही. मशीनला मोटर बसवली. रोज सकाळी हे खाली बसून माझे तळपाय पाहतात, आरशाची गरज त्यांनी ठेवली नाही. हमी अजून कोणीच दिलेली नाही. हमीवाचून जगता येतं, हे मला या वयात कळलं. आपण हात सोडला म्हणजे पडतोच असं नाही, कोणीतरी धरतं. आपणच मूठ आवळून बसतो म्हणून त्याला धरायला हात सापडत नाही.

आक्का म्हणते, ती देवीच होती. मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की देवी असती तर तिला इतका खोकला नसता.

नवव्या माळेचं सांगायचं राहिलंच. त्या दिवशी ह्यांनी मला देवळाबाहेर स्कूटरवर नेऊन बसवलं. पायात डॉक्टरांनी सांगितलेले मऊ, बोजड बूट. आत जायचं नव्हतं, मला तिला पाहायचं होतं. पुष्कळ वेळानं ती दर्शन घेऊन बाहेर आली. मला ओळखून हसली, आधी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मान हलवली. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं, पण कुठं सांगत फिरू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही. तिचे पाय धुळीनं काळे झाले होते, टाचांना भेगा पडल्या होत्या, एका बोटाला चिंधी बांधली होती. मी भर रस्त्यात वाकले. ती मागे सरकत म्हणाली, माह्या नाई, देवीच्या पाया पड, पण तोवर माझं कपाळ तिच्या पावलांवर टेकलं होतं. ऊन वर आलं होतं, रस्ता चांगलाच तापला होता, आणि ते पाय तव्यासारखे गरम होते. माझ्या वाटचा तो चटका मला कपाळाला लागला, आणि मी तिथून लवकर उठले नाही.