तिसऱ्या रकान्यातली पिपरी

साक्षी उंदीरवाडे तशी धीट पोरगी, पण काम तिला मिळालं ते भीतीचंच. चामोर्शीकडच्या वनखात्याच्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसते. वाघीण कुठे दिसली त्याची फाइल वनरक्षक पहाटेच पाठवतात: तारीख, वेळ, गाव आणि पुढे शंभर भानगडी. साक्षी काळ्या पडद्यावर ‘कट’ ही आज्ञा टाइप करते, तिसरा रकाना मागते, आणि गावांची नावं तेवढी सुटून खाली उतरतात. त्या गावांना लगेच मेसेज. आता अख्खी फाइल वाचत कोण बसतंय!

त्या दिवशी नाव आलं पिपरी. तिचंच गाव! मोहफुलांचे दिवस, तिची आई कांताबाई उजाडायच्या आत टोपली घेऊन निघणार. साक्षीनं मेसेज टाकला आणि आईला फोनही लावला. "आई, आज आपल्या जंगलात जाऊ नोको. वाघीण हाये." कधी नव्हे ते आईनं ऐकलं. साक्षीला केवढं बरं वाटलं.

थोड्या वेळानं वनरक्षक निकेशचा फोन आला. "मॅडम, पिपरी चकले मेसेज काऊन नाई गेला?"

तिनं फाइल उघडली. दोन शब्दांची गावं रोज मधे रेघ देऊन लिहिलेली असायची. निकेश नवा, त्यानं मधे जागा सोडली होती. आणि मोकळी जागा दिसली की रकाना संपला, हे कटला तिनंच सांगून ठेवलेलं. तिसऱ्यात पिपरी राहिली, चक चौथ्यात गेलं. वाघीण पिपरीत नव्हतीच, नाल्यापलीकडच्या पिपरी चक या दुसऱ्याच गावाला होती. आणि आपलं जंगल सोडलं तर आई मोहफुलाला जाणार कुठे? चककडेच!

आईचा फोन लागेना. निकेशला "धावा लवकर" म्हणून तिनं स्कूटी काढली. रस्ताभर डोक्यात एकच, मीच पाठवलं, माझ्या आईला मीच पाठवलं. रडू आवरत नव्हतं, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि शिव्या घालायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

चकच्या मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं, हे तीच गावोगाव लिहून पाठवायची. "आई वं! पळा! वाघीण इथीच हाये!" आतल्या बाजूला वानरं खेकसायला लागली, वाघ दिसला की खेकसतात तशी. मग काय, टोपल्या टाकून सगळ्या सडकेवर. पण शेजारची प्रेमिलाकाकू कुठेच दिसेना. साक्षीचा जीव टांगणीला लागला. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा काकू झुडपातून निघाली, डोक्यावर टोपली तशीच. "एवढी काऊन बोंबलून राह्यली वं?"

साक्षी सडकेवरच मटकन बसली आणि हमसून रडायला लागली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"भेऊ नोको माय. ह्या बाया तं येतच नव्हत्या. मीच म्हणलं, चला चककडं, माह्या पोरीचा फोन आला, तिचं कधी चुकत नाई."