पाणी न मागणारी मुलगी

आमचे हे विमानकंपनीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. सांताक्रूझला दिवसभर इंजिनं उघडायची आणि संध्याकाळी ग्रीसने काळे झालेले हात घेऊन अंधेरीला घरी यायचं, असं बरं चाललं होतं. मग त्यांची दिल्लीला बदली झाली. तिथलं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि आमच्या मुलीला जिना चढता येत नव्हता. पाचव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. अंधेरीच्या आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या, शाळा जवळ होती, बैठी होती, आणि बाईंनी तिची चाकांची खुर्ची वर्गात आणू दिली होती. तेव्हा ह्यांनी दिल्लीला जायचं आणि आम्ही मायलेकींनी इथेच राहायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, दुसरं कुणाला काही सुचलं नाही.

हळूहळू सवय होईल, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मला काही ती झाली नाही. दिवस कसाही जायचा. संध्याकाळी शेजारपाजारच्या घरांतून पुरुष माणसांचे आवाज यायला लागले की मात्र घर खायला उठायचं. मी उगाच दोन वेळा केर काढायची. मुलगी खुर्चीत बसून अभ्यास करायची, आणि वरून विमान गेलं की मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगायची, "डाकोटा आहे." बापाचं तेवढं एक तिने उचललं होतं.

नातेवाईक होते, नव्हते असं नाही. पण बोलावणी कमी होत गेली. "तिला त्रास नको म्हणून नाही हो बोलावलं," असं नंतर गोड आवाजात सांगायचे. त्रास तिला होणार होता की त्यांना, हे विचारायची माझी जीभ शिवशिवायची. एकदोनदा विचारलंही. त्यामुळे बोलावणी आणखी कमी झाली.

जिथे जायचो तिथे माझी लेक फार गुणी म्हणून ओळखली जायची. मुलुंडच्या नणंदेकडे मुंज होती, तेव्हा सगळी पोरं सरबताच्या पातेल्याला झोंबत होती आणि ही भिंतीशी आपल्या खुर्चीत शांत बसलेली. नणंद पेला घेऊन आली तर हिने नको म्हणून मान हलवली. "बघा, पाणीसुद्धा मागत नाही पोर," नणंद चारचौघींत म्हणाली. "नाहीतर आमची कार्टी." मला काय वाटावं? अभिमान वाटला. तिचे पाय सोडून दुसऱ्या कशावरून तरी लोक बोलत होते, हेच मला खूप होतं. घरी आल्यावर ती माठातलं पाणी एकामागून एक पेले घटाघटा प्यायली, आणि मी म्हटलं, आपल्या घरच्या पाण्याची गोडी वेगळीच.

ह्यांना बदलीच्या ठिकाणी वर्ष झालं तेव्हा आम्हा दोघींना विमानाचा पास मिळाला. कंपनीच्या माणसांच्या कुटुंबाला तो मिळायचा, पण त्यात एक मेख होती. तिकीटवाले सगळे बसून झाले आणि जागा उरली, तरच पासवाल्यांना घ्यायचे. नाहीतर घरी जा आणि उद्या पुन्हा या. मागच्या वेळी आगगाडीने गेलो होतो तेव्हा खुर्ची डब्यात घेईनात आणि मुलीला कडेवर घेऊन माझी कंबर गेली होती. म्हणून ह्यांनी यंदा विमानाचंच घोडं दामटलं. "बसायचं आणि उतरायचं, त्यात काय आहे?" म्हणाले. इंजिन उघडणाऱ्या माणसाला विमानात बसणं सोपं वाटायचंच.

सकाळीच टांगा केला. खुर्ची आमच्या ओळखीच्या सुताराने केलेली होती, सागवानी, वेताची बैठक आणि सायकलची चाकं. ती टांग्याच्या मागे दोरीने बांधली. निघताना मी नेहमीप्रमाणे चहासुद्धा घेतला नाही. आमच्या पिढीच्या बायका प्रवासाला निघताना तोंडाला पाणी लावत नसत. वाटेत सोय नसायची, आणि असली तरी जाववायचं नाही. आई तेच करायची, मावशीही तेच करायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. केस विंचरायचे, कुंकू लावायचं आणि तहान मारायची, मग निघायचं.

विमानतळावर सगळ्यांना पोचवायला माणसांचा घोळका आलेला. एकेका प्रवाशाच्या गळ्यात तीनतीन हार. आम्हाला पोचवायला टांगेवाला. तोही खुर्ची उतरवून लगेच गेला, कारण त्याला परतीचं भाडं मिळालं होतं. मी पास दाखवला. खिडकीतल्या माणसाने तो उलटसुलट पाहिला आणि बसा म्हणाला. आम्ही बसलो. एक विमान गेलं, जागा नव्हती. दुपारच्याला बघू म्हणाला. बाकावर माझ्या शेजारी येऊन कुणी बसत नव्हतं. खुर्ची पाहिली की माणसं थोडी पुढे जाऊन बसायची. मुलीला डबा उघडून दिला तर दोन घास पोळी खाल्ली आणि पुरे म्हणाली. तिचे ओठ सुकले होते, ते मी पाहिले. उन्हाने असेल असं वाटलं.

दुपारच्या विमानात जागा निघाली. आता सगळी घाई. तेव्हा त्या लहान विमानांत बसण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन करत. प्रवासी एकेक करून काट्यावर चढत होते आणि मागचे डोकावून आकडा बघत होते. आमची पाळी आली तेव्हा काट्यावरचा माणूस म्हणाला, "मुलीला उभी करा." मी म्हटलं, "ती उभी राहत असती तर खुर्ची कशाला आणली असती?" तो ओशाळला. मग मी तिला उचलून घेतलं आणि दोघी एकदमच काट्यावर चढलो. खुर्ची सामानात गेली. ती ढकलत नेताना मुलगी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

विमानापर्यंत चालत जायचं होतं. नऊ वर्षांची मुलगी काही हलकी नसते. डाकोटा शेपूट जमिनीला टेकवून उभं असतं, त्यामुळे मागच्या दाराने आत शिरलं की आतली वाट चढणीची. आणि आमची जागा नेमकी पार पुढे. मी तिला घेऊन ती चढण चढले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी गुडघे आत ओढून घेतले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आपण बघितलं नाही म्हणजे समोरच्याला बरं वाटतं, अशी लोकांची समजूत असते. मला त्या वेळी एक हात हवा होता. पण मागायचा माझा स्वभाव नव्हता, तेव्हा दोष तरी कुणाला देऊ?

तिला खिडकीशी बसवलं. विमान उडालं तेव्हा तिने माझा हात धरला. खाली समुद्र आला, मग वळण घेतल्यावर झाडी आणि छपरं. "यातलं आपलं घर कुठलं?" तिने विचारलं. मी भलत्याच एका छपराकडे बोट दाखवलं. त्या उंचीवरून सगळी घरं सारखीच दिसत होती, आणि आपल्या घरात आत्ता कुणीच नाही, दाराला नुसतं कुलूप आहे, हे मनात येऊन मला चमत्कारिक वाटलं.

हवाईसुंदरी तबक घेऊन आली. नाव मोठं असलं तरी पोर विशीबाविशीची असेल आणि सर्दीने हैराण झालेली दिसत होती. तबकात कानात घालायला कापूस आणि पेपरमिंटच्या गोळ्या. मुलीने कापूस घेतला आणि हातात पडलेली गोळी परत तबकात ठेवली.

"घे की," मी म्हटलं. "आवडते ना तुला?"

"गोळीने तहान लागते."

"लागली तर पाणी पी. त्यात काय?"

"दिल्लीला गेल्यावर पिईन. घरी."

ती हे अगदी सहज म्हणाली. मी विचारलं, "सकाळपासून पाणी प्यायली नाहीस?"

"काल रात्री जेवताना प्यायले."

"आणि मुलुंडला? मुंजीत सरबत नको म्हणालीस ते?"

"कुठेच नाही पीत. घरी आल्यावर पिते." आणि मग माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "सवय झालीय मला."

"पण का गं?"

तिने खिडकीकडे तोंड केलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "घाटकोपरला मी पन्हं प्यायले आणि मग तू रडलीस."

घाटकोपरचं मी विसरले नव्हते, पण तिच्या ते लक्षात असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती, खुर्ची अजून झाली नव्हती. चुलतजावेकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. हिने हौसेने दोन पेले पन्हं प्यायलं आणि थोड्या वेळाने माझ्या कानात सांगितलं. चाळीतली शौचालयं गॅलरीच्या टोकाला. नटूनथटून आलेल्या बायकांच्या मधून मी तिला कडेवर घेऊन गेले. पुढे तीनचार जणी उभ्या होत्या. "आधी जाऊ द्या हो," म्हटलं तर एकीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसरी म्हणाली, "एवढी मोठी मुलगी, घरी ठेवून यायचं ना." आत गेल्यावर तिला धरू की दार धरू अशी माझी गत झाली. दार उघडंच राहिलं. घरी परतताना वाटभर मी पदर तोंडाला लावून रडले. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली आहे असं मी समजत होते.

मी हवाईसुंदरीला हाक मारली आणि पाणी मागितलं, दोन ग्लास. मुलगी म्हणाली, "मी नाही पिणार." मी म्हटलं, "नको पिऊस. मी पिते." आणि सकाळपासून कोरड्या पडलेल्या घशात तो सगळा ग्लास एका दमात रिकामा केला.

"आता तुला जावं लागेल," ती घाबरून म्हणाली.

"लागेलच. तुलाही लागलं तर दोघी जाऊ. मला एकटीला भीती वाटते त्या दाराची."

तिला हसू आलं. मग तिने ग्लास घेतला. माझी मुलगी पाणी कसं पिते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही हातांत ग्लास, डोळे मिटलेले, आणि मध्ये श्वाससुद्धा नाही. संपल्यावर तिने आणखी मागितलं.

तासाभराने जायची वेळ आली. शौचालय पार मागे, शेपटाकडे. मी तिला उचललं. विमान हलत होतं, मी दर चारदोन पावलांवर कुठल्या ना कुठल्या खुर्चीची पाठ धरत होते. लोकांनी पुन्हा गुडघे ओढले. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी निरखून. मला तेव्हा कळलं की बाहेर नेलं की ही पोर असंच माझं तोंड बघत असते. मी तोंड सरळ ठेवलं. आत जागा एवढीशी, दार काही लागेना, तेव्हा मी दारातच पाठमोरी उभी राहिले, पदर पसरला आणि एक हात मागे करून तिला धरून ठेवलं. झालं. जमलं. परत आणून तिला बसवलं.

मग मी एकटी गेले. कडी लावली आणि तिथे मला रडू फुटलं. इंजिनाचा एवढा आवाज होता की कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. तीन वर्षं माझी मुलगी माझ्या शेजारी तहानलेली बसून होती आणि मी तिच्या गुणीपणाचं कौतुक ऐकून घेत होते. तोंड धुतलं, पदराने पुसलं, आरशात पाहिलं. ठीक वाटलं.

जागेवर आले तर तिच्या हातात पाण्याचा भरलेला ग्लास होता. मी नसताना तिने आपणहून मागून घेतला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

"रडलीस," ती म्हणाली.

नाही म्हणायचं ओठावर आलं होतं. पण खोटं बोलले तर ती पुन्हा कधी बाहेर पाणी पिणार नाही, हे मला दिसत होतं. म्हटलं, "रडले. तू इतकी वर्षं तहानलेली राहिलीस म्हणून रडले. तुला उचलावं लागतं म्हणून नाही."

तिने विचार केला. "मग घाटकोपरला का रडलीस?"

याचं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं, ह्यांनाही नाही. "तिथे एवढ्या बायका होत्या आणि दार धरायला कुणी नव्हतं," मी म्हटलं. "फार एकटी पडले गं मी तिथे."

तिला ते काही केल्या पटत नव्हतं.

"मी होते की," ती म्हणाली, आणि तिने ग्लास उचलून तोंडाला लावला.